वाचकांचे प्रश्न : अपडेट झालं, टॅबमधली जागा कुठे गेली?

टॅबला मोठं अपडेट आलं की 'जागा भरली' अशी तक्रार करणारे प्रश्न पाठोपाठ येतात. त्यांतले काही निवडून इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझा ३२ जीबीचा अँड्रॉइड टॅब आहे. अपडेटआधी ९ जीबी मोकळी होती, आता जेमतेम ३ जीबी दिसते. नवीन काहीही टाकलेलं नाही. ही जागा परत मिळेल का?

बरीचशी मिळेल. पण लगेच काही पुसायला घेऊ नका. टॅब एकदा रीस्टार्ट करा आणि वाय-फाय चालू ठेवून रात्रभर चार्जरला लावून ठेवा. या सल्ल्यामागे ठोस कारण आहे. अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच टॅबमध्ये अपडेट थेट जुन्या सिस्टिमवर लिहिलं जात नाही. त्याची वेगळी प्रत आधी तयार होते आणि सिस्टिमसाठी राखून ठेवलेल्या भागात ती मावली नाही, तर तुमचे फोटो आणि ॲप जिथे असतात त्याच जागेत तात्पुरती ठेवली जाते. टॅब नव्या सिस्टिमवर नीट सुरू झाला की ही प्रत हळूहळू मूळ जागी मिसळते आणि हे काम पुरं झाल्यावरच अडकलेली जागा सुटते. शिवाय अपडेटनंतर ॲपचा कोड नव्या सिस्टिमसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो, म्हणजे टॅबला थेट चालवता येईल अशा रूपात आणावा लागतो. हे काम मुख्यतः टॅब वापरात नसताना आणि चार्जिंगला असताना होतं. दिवसभर हातात आणि रात्री बंद, असा टॅब असेल तर ते दिवसेंदिवस रेंगाळतं.

दुसऱ्या दिवशी सेटिंग्जमधलं स्टोरेजचं पान उघडा. तिथल्या 'सिस्टिम'च्या आकड्याने बिचकू नका. सिस्टिमचा भाग टॅबमध्ये आधीच ठरावीक आकाराचा आखलेला असतो आणि अपडेटमुळे तो सहसा वाढत नाही. बऱ्याच टॅबमध्ये हा आकडा वजाबाकीने काढलेला असतो : वापरलेल्या एकूण जागेतून फोटो, व्हिडिओ, ॲप वगैरे ओळखता आलेल्या गोष्टी वजा केल्या की जे उरतं ते 'सिस्टिम'. त्यामुळे ज्याचा हिशेब लागला नाही असा सगळा ऐवज तिथे जमा होतो. तो आकडा फुगला म्हणजे सिस्टिमच तेवढी मोठी झाली, असं नाही.

आता ॲपची यादी आकारानुसार लावा. यादीत वर तुम्ही कधीच न उघडलेली, टॅबसोबतच आलेली ॲप दिसली तर तिथे नक्की थांबा. अशा ॲपची मूळ प्रत सिस्टिमच्या भागात असते, ती काढता येत नाही. पण तिचं प्रत्येक अपडेट तुमच्या जागेत उतरतं, म्हणजे एकच ॲप दोनदा जागा खातं. ॲपच्या पानावर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असेल तर ते करा आणि मग 'डिसेबल' करा. नुसतं अपडेट काढून डिसेबल केलं नाही, तर प्ले स्टोअर ते पुन्हा उतरवून घेईल. गुगल प्ले सर्व्हिसेस, वेबव्ह्यू आणि कीबोर्ड यांना मात्र हात लावू नका, त्यांच्यावर इतर ॲप चालतात.

ॲपच्या पानावर 'स्टोरेज'मध्ये 'क्लिअर कॅश' आणि 'क्लिअर डेटा' (काही टॅबमध्ये 'क्लिअर स्टोरेज') अशी दोन बटणं शेजारी-शेजारी असतात. कॅश (ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली) बिनधास्त पुसा, पण तो फायदा चार दिवसांचा, कारण ॲप वापरलं की कॅश पुन्हा भरते. 'क्लिअर डेटा' केलं तर लॉगिन, ऑफलाइन नकाशे, उतरवून ठेवलेले धडे किंवा गाणी सगळं जातं आणि लॉगिनपासून सगळं पुन्हा करावं लागतं.

यानंतर आपलाच पसारा, जो दिसत नाही तो. फाइल मॅनेजरमध्ये 'लपवलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय सुरू करा आणि तीन ठिकाणं तपासा. पहिलं, कचरापेटी : गॅलरी आणि फाइल्स ॲपमध्ये पुसलेल्या गोष्टी साधारण ३० दिवस पडून राहतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंसाठी ही मुदत ६० दिवसांची आहे. पेटी रिकामी करेपर्यंत टॅबवरच्या प्रती जागा अडवून ठेवू शकतात. दुसरं, डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो जातात ते) आणि पिक्चर्स या फोल्डरांमधलं, टिंबाने सुरू होणारं थंबनेल्सचं फोल्डर. त्यातल्या फाइली पुसल्या तरी मूळ फोटोंना धक्का लागत नाही, गॅलरी छोट्या प्रतिमा नव्याने बनवते. तिसरं, व्हॉट्सॲप. अँड्रॉइड ११ च्या सुमारास व्हॉट्सॲपचं फोल्डर 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आतल्या 'मीडिया'मध्ये गेलं. जुन्या सिस्टिमवरून वर आलेल्या टॅबमध्ये बाहेरचं जुनं 'व्हॉट्सॲप' फोल्डर कधी कधी तसंच राहतं. दोन्ही ठिकाणचे फोटो पडताळून पाहा, नव्या ठिकाणी सगळं आहे याची खात्री करा आणि मगच जुनं काढा. टॅबवर व्हॉट्सॲप स्वतंत्र नंबराने चालत असेल, तर 'डेटाबेसेस' फोल्डरमध्ये संभाषणांच्या रोजच्या बॅकअपच्या प्रती असतात. त्यांत गेल्या काही दिवसांची एकेक पूर्ण प्रत असते. तारीख असलेल्या जुन्या प्रती काढायला हरकत नाही, पण नावात तारीख नसलेली फाइल सर्वांत ताजी असते, ती ठेवा.

रिकव्हरीत (टॅब सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन 'वाइप कॅश पार्टिशन' करा, म्हणजे तात्पुरत्या फाइलींसाठी वेगळा आखलेला भाग पुसा, असा सल्ला सर्रास दिला जातो. नव्या रचनेच्या अनेक टॅबमध्ये ते पार्टिशनच नसतं. असलं तरी ते वेगळं आखलेलं असल्यामुळे ते पुसून तुमची मोकळी जागा वाढत नाही. अपडेटनंतर टॅब अडखळत असेल तर उपयोग होऊ शकतो, जागेसाठी नाही. आणि 'क्लीनर' नावाची ॲप टाकू नका. ती स्वतः जागा घेतात, जाहिराती आणतात आणि सेटिंग्जमधून न होणारं असं फारसं काही करत नाहीत.

प्रश्न : अपडेटनंतर ६४ जीबीच्या आयपॅडमध्ये 'सिस्टिम डेटा' १८ जीबी दाखवतो. तो कमी कसा करायचा?

आयपॅडचं गणित वेगळं आहे. इथे सिस्टिम आणि तुमचा डेटा एकाच सामायिक जागेतून वाटा घेतात. त्यामुळे नवी आयपॅडओएस (आयपॅडची सिस्टिम) मोठी असेल तर तेवढी जागा खरोखरच जाते आणि ती परत मिळत नाही. मात्र 'सिस्टिम डेटा' म्हणजे आयपॅडओएस नव्हे, तिची नोंद वेगळी असते. 'सिस्टिम डेटा'त कॅश, लॉग (कामकाजाच्या नोंदी), शोधासाठीच्या सूची आणि अर्धवट उतरलेल्या फाइली येतात. अपडेटनंतर सूची नव्याने बनत असते, म्हणून पहिले एक-दोन दिवस हा आकडा वरखाली होतो.

सेटिंग्ज, जनरल, आयपॅड स्टोरेज असं जा आणि पान पूर्ण भरेपर्यंत मिनिटभर थांबा. घाईत पाहिलं तर आकडे चुकीचे दिसतात. खालच्या यादीत 'आयपॅडओएस' आणि पुढे आवृत्तीचा क्रमांक अशी नोंद असेल, तर ती उतरवलेली पण न बसवलेली अपडेट फाइल आहे. तिच्यावर टॅप करून ती काढता येते. सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर स्वयंचलित डाउनलोड बंद केलं नाही, तर ती पुन्हा येईल.

तुमचा आयपॅड एम१ किंवा त्यापुढच्या चिपचा असेल तर ॲपल इंटेलिजन्स (ॲपलची एआय सोय) सुरू आहे का ते पाहा. त्याच्यासाठी ७ जीबीपर्यंत जागा लागते आणि अपडेटनंतर ते आपोआप सुरू झालेलं असू शकतं. वापरत नसाल तर सेटिंग्जमध्ये 'ॲपल इंटेलिजन्स अँड सिरी'त जाऊन बंद करा. त्यासाठी उतरवलेल्या एआयच्या मोठ्या फाइली (मॉडेल) मग टॅबवरून काढल्या जातात. ६४ जीबीच्या आयपॅडमध्ये हा एकच उपाय बाकीच्या सगळ्यांवर भारी पडतो.

ॲपसाठी 'ऑफलोड' आणि 'डिलीट' यांतला फरक महत्त्वाचा आहे. ऑफलोड केलं की ॲप जातं, पण त्याची 'डॉक्युमेंट्स अँड डेटा' तशीच राहते. समजा एखादं व्हिडिओ ॲप २०० एमबीचं आहे आणि डेटा ६ जीबीचा, तर ऑफलोड करून २०० एमबीच सुटतील. आयपॅडमध्ये ॲपनिहाय कॅश पुसण्याची सोय सेटिंग्जमध्ये नाही. म्हणून ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय नसेल तर ॲप डिलीट करून पुन्हा टाकावं लागतं. त्याआधी त्यातलं काम क्लाउडवर गेलं आहे का, हे बघा.

एवढं करूनही 'सिस्टिम डेटा' १० जीबीच्या खाली येत नसेल तर आयपॅड कॉम्प्युटरला जोडा. मॅकवर फाइंडरमध्ये, विंडोजवर ॲपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्समध्ये पूर्ण बॅकअप घ्या, 'एन्क्रिप्ट' (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असं कुलूपबंद करणं) वर खूण करून. ती खूण नसेल तर साठवलेले पासवर्ड बॅकअपमध्ये येत नाहीत. मग रीस्टोअर करून तोच बॅकअप परत घाला. बॅकअपमध्ये कॅश आणि बहुतेक लॉग जात नाहीत, म्हणून साचलेला गाळ मागेच राहतो. पुढचं मोठं अपडेटही कॉम्प्युटरवरूनच करा : अपडेटची फाइल तिथे उतरते आणि आयपॅडवर कमी मोकळी जागा असली तरी भागतं.

प्रश्न : आधी टॅब ५९.६ जीबी दाखवायचा, आता ६४ दाखवतो. अपडेटने जागा वाढवली का?

नाही, मोजण्याची रीत बदलली. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. जुनं अँड्रॉइड १०२४ च्या पटीत मोजायचं, त्या हिशेबाने ६४ चे ५९.६ होतात. अँड्रॉइड ८ पासून १००० च्या पटीत मोजलं जातं. विंडोज मात्र अजून १०२४ चीच पट वापरतं, म्हणून टॅबमधलं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं की लहान दिसतं.

प्रश्न : अपडेटनंतर अँड्रॉइड टॅब म्हणतो, 'एसडी कार्ड सपोर्टेड नाही, फॉरमॅट करा'. करू का? कार्डात सगळे फोटो आहेत.

अजिबात करू नका. आधी एवढं आठवा : कार्ड लावताना 'पोर्टेबल स्टोरेज' (काढून दुसरीकडेही वापरता येणारं) निवडलं होतं की 'इंटर्नल स्टोरेज' (टॅबच्या जागेचाच भाग होणारं)? पुढचं सगळं याच उत्तरावर ठरतं.

पोर्टेबल असेल तर टॅब बंद करून कार्ड काढा, सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि कार्ड रीडरमधून कॉम्प्युटरला लावा. तिथे वाचलं तर आधी सगळं कॉपी करा, दहा-बारा फोटो आणि एखादा मोठा व्हिडिओ उघडून पाहा, आणि मगच कार्ड टॅबमध्ये फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फॉरमॅट करायचंच असेल तर फाइली ठेवण्याच्या पद्धतींपैकी एक्सफॅट निवडा. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही.

कार्ड इंटर्नल म्हणून जोडलेलं असेल तर ते एन्क्रिप्ट केलेलं असतं आणि त्याची किल्ली त्याच टॅबमध्ये असते. कॉम्प्युटरला ते रिकामं किंवा बिघडलेलं वाटेल, तिथेही फॉरमॅटची विचारणा होईल, तीही नाकारा. टॅब बंद करून कार्ड पुन्हा नीट बसवा आणि सुरू करा. अशा अवस्थेत टॅब फॅक्टरी रीसेट केला तर किल्ली पुसली जाते आणि त्या कार्डातले फोटो कोणालाही वाचता येत नाहीत. कार्ड ओळखलं गेलं की लगेच फोटो बाहेर काढा.

प्रश्न : ३२ जीबीच्या विंडोज टॅबमध्ये मोठ्या अपडेटनंतर दीडच जीबी उरली. काय काढू?

मागची विंडोज. ती 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते, म्हणजे नवं पटलं नाही तर १० दिवसांच्या आत मागे जाता यावं. नंतर ती आपोआप जाते. टॅब नीट चालत असेल आणि थांबवत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर खूण करून काढा. ते फोल्डर एक्सप्लोररमधून हाताने पुसू नका, परवानग्यांमुळे अर्धवट पुसलं जातं. त्याच यादीत 'डाउनलोड्स' असतं. त्यावर खूण केली तर तुमच्या उतरवलेल्या फाइलीही जातील, म्हणून तिथली चौकट रिकामीच ठेवा. पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी १० जीबी तरी मोकळी असलेला पेन ड्राइव्ह जोडा. विंडोज जागा कमी असल्याचं सांगताना तो वापरण्याची मुभा देतं.

प्रश्न : सगळे म्हणतात फॅक्टरी रीसेट कर. करावा का?

वरचं सगळं करून झाल्यावर, शेवटी. रीसेटने जुनी सिस्टिम परत येत नाही, अपडेट झालेलीच राहते. जातो तो फक्त तुमचा डेटा. त्यामुळे साचलेला कचरा निघतो, पण नव्या ॲपना जास्त जागा लागत असेल तर ती लागणारच.

करायचाच असेल तर टॅबवरच्या गुगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड आधी दुसऱ्या उपकरणावर घालून तपासा, कारण रीसेटच्या वेळी किंवा नंतर टॅब तो मागू शकतो आणि मग त्याशिवाय उघडत नाही. ओटीपी तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप टॅबवर असेल तर ते आधी दुसरीकडे हलवा. इंटर्नल केलेल्या एसडी कार्डातलं सगळं बाहेर काढा. रीसेट झाल्यावर सगळी ॲप एका झटक्यात परत आणू नका. पाच-पाचच्या गटाने टाका, प्रत्येक गटानंतर एक दिवस वापरा आणि मोकळ्या जागेचा आकडा लिहून ठेवा. ज्या गटानंतर आकडा एकदम खाली येईल, त्या पाचांमध्येच जागा खाणारं ॲप सापडेल.