यंत्राच्या तयार उत्तरात आपला पत्ता

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच, म्हणजे एआयच्या उत्तरांत आपली वेबसाइट कशी येते हा, असल्यामुळे मोबाइल आणि ई-मेलविषयीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचे घरगुती फराळाचे काम आहे. सासूबाईंनी ते सुरू केले आणि २०१९ मध्ये मुलाने त्याची वेबसाइट करून दिली. पुण्या-मुंबईहून बदली होऊन बडोद्यास आलेली कुटुंबे गूगलवर शोधून आमच्याकडे येत असत. आता लोक चॅटजीपीटीला विचारतात, किंवा गूगलवर सर्वांत वर जे तयार उत्तर येते तेवढेच वाचतात, आणि त्यात आमचे नाव नसते. एका एजन्सीने ‘जीईओ’ (जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एआयच्या उत्तरांत वेबसाइट यावी यासाठीचे काम) नावाचे चाळीस हजार रुपयांचे पॅकेज सांगितले असून तीन महिन्यांत पहिल्या क्रमांकाची हमी दिली आहे. ते घ्यावे का? (एक वाचिका, रावपुरा, बडोदे)

उत्तर : या हमीवर विसंबून घेऊ नये. ‘पहिला क्रमांक’ ही शोधाच्या जुन्या यादीची भाषा आहे. गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात ‘एआय ओव्हरव्ह्यू’, म्हणजे सर्वांत वर येणारे ते तयार उत्तर, सुरू केले आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘चॅटजीपीटी सर्च’ आले. या दोन्ही ठिकाणी एक सलग उत्तर लिहिले जाते आणि त्याच्या आधाराला काही दुवे दिलेले असतात. तोच प्रश्न दोन जणांनी थोड्या वेगळ्या शब्दांत विचारला, किंवा एकानेच सकाळी आणि संध्याकाळी विचारला, तरी उत्तर आणि दुवे बदलू शकतात. जिथे क्रमांकच नाहीत, तिथला पहिला क्रमांक कोणी कसा विकणार?

गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटले आहे की या उत्तरांत येण्यासाठी कोणतीही वेगळी तांत्रिक अट नाही. पान गूगलच्या सूचीत असले पाहिजे आणि त्यातला उतारा दाखवण्यास पानाच्या मालकाने मनाई केलेली नसावी. पुढचे काम कसे चालते तेही समजून घेण्यासारखे आहे. ‘रविवारी घरपोच पुरणपोळी कोण देईल’ असे विचारले की यंत्र त्या एका प्रश्नाचे अनेक उपप्रश्न करते, प्रत्येकाचा वेगळा शोध घेते आणि हाती लागलेल्या मजकुरातून उत्तर जुळवते. त्यामुळे ज्या पानावर रविवार, घरपोच आणि पुरणपोळी या तिन्हींविषयी सरळ वाक्ये लिहिलेली आहेत, ते पान उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

आपण पत्रासोबत दिलेली वेबसाइट मी उघडून पाहिली. मुखपृष्ठावर ‘परंपरेची चव, मायेचा स्पर्श’ एवढेच शब्द आहेत, दरपत्रक हे एक रंगीत चित्र आहे आणि पदार्थांची यादी पान उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामने, भरली जाते. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा प्रोग्राम, जावास्क्रिप्ट चालवून पाहतो. इतर अनेक कंपन्यांचे क्रॉलर मात्र सर्व्हरवरून मजकूर जसा येतो तसाच वाचतात, आणि त्यांच्या दृष्टीने आपले दुकान रिकामे आहे. खात्री करायची असल्यास संगणकावर आपले पान उघडून ब्राउझरमधील ‘पेज सोर्स’ (पानामागचा मूळ मजकूर) पाहावा आणि त्यात ‘चकली’ हा शब्द शोधावा. मला तो सापडला नाही.

तेव्हा चाळीस हजारांचे पॅकेज घेण्याआधी दोन दुपारी बसून प्रत्येक पदार्थाविषयी साधा मजकूर लिहून काढावा. भाजणीत कोणती धान्ये व डाळी आहेत, तळणीला कोणते तेल वापरता, पाकीट अर्ध्या किलोचे की एक किलोचे, भाव काय, मागणी किती दिवस आधी नोंदवावी लागते, दांडिया बाजार आणि मांडवीपर्यंत घरपोच देता का, दिवाळीची नोंदणी कधी बंद होते, ही माहिती शब्दांत यावी. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही चित्रात न ठेवता टाइप करावा. दरपत्रकाचे चित्र हवे तर राहू द्यावे, पण त्याच्या खाली तेच दर अक्षरांत लिहावेत आणि दर बदलले की दोन्हीकडे बदलावेत.

याहूनही मोलाचा मजकूर आपल्या स्वयंपाकघरात आहे. गुजराती घरांत गव्हाचे पीठ उकडून चकरी करतात आणि आपली चकली भाजणीची असते. या दोन्हींत फरक काय, कोणती अधिक दिवस टिकते, अनारशाचे तांदूळ किती दिवस आधी भिजवावे लागतात, हे प्रश्न आपले शेजारी आपल्याला विचारतच असतील. त्यांची उत्तरे आपल्या अनुभवाने लिहिली, तर तसा मजकूर दुसऱ्या कोणाकडून उचलून आणता येत नाही. सगळ्या वेबसाइटवर सारखाच असलेला मजकूर यंत्राला कोठूनही मिळतो. आपले पान निवडण्यास त्याला काही कारण हवे.

‘जीईओ’ हे नाव एजन्सीच्या डोक्यातून निघालेले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांसह काही जणांनी याच नावाचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात मजकुराचे नऊ प्रकारचे बदल तपासून पाहिले. आधारांचे उल्लेख, उद्धृते आणि आकडे घातल्याने त्यांच्या मोजमापानुसार मजकुराची दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढली, आणि शोधशब्द कोंबून भरण्याचा जुना उपाय निरुपयोगी ठरला. हे निष्कर्ष प्रयोगातले आहेत, म्हणून ४० टक्के हा आकडा कोणी आपल्या दुकानाला लावून दाखवू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. फराळाच्या पानावर उद्धृते घालण्याचीही गरज नाही. ठोस माहिती मोघम स्तुतीपेक्षा उपयोगी पडते, एवढे त्यातून घ्यावे.

एक काम राहिले. गूगल नकाशावरील आपल्या व्यवसायाची नोंद, वेबसाइट आणि इन्स्टाग्राम या तिन्ही ठिकाणी नाव, पत्ता, फोन क्रमांक आणि वेळा तंतोतंत सारख्या असाव्यात. सध्या नकाशावर आपले दुकान मंगळवारी बंद आहे आणि वेबसाइटवर सोमवारी.

प्रश्न : आमचे मराठी मंडळ १९२७ मध्ये स्थापन झाले. एआयला विचारले असता तो १९५३ सांगतो. आमच्या सर्व स्मरणिका वेबसाइटवर पीडीएफ रूपात असून त्या प्रत्येकीत १९२७ हेच साल छापलेले आहे. मग ही चूक का होते? (एका मंडळाचे कार्यवाह, बडोदे)

उत्तर : १९५३ हे साल कोठून आले असावे, याचा अंदाज बांधता येतो. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्यानंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येथील अनेक जुन्या संस्थांनी आपली नोंदणी केली. संस्थांच्या सूच्यांमध्ये पुष्कळदा नोंदणीचेच साल दिलेले असते आणि यंत्र त्यालाच स्थापनेचे साल समजते. आपले नोंदणीपत्र काढून पाहावे. त्यावर १९५३ असण्याचा संभव बराच आहे.

स्मरणिकांत खरे साल असूनही ते यंत्रापर्यंत का पोचत नाही, याचे कारण फाँटमध्ये आहे. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत देवनागरीची अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. पान छापले की मराठी दिसते, परंतु संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ असतो. देवनागरीला स्वतःच्या जागा देणारे युनिकोड १९९१ पासून आहे, तरी मराठी छापखान्यांत जुने फाँट त्यानंतर कित्येक वर्षे चालले. परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावी. मराठी उमटले तर ठीक. भलतीच अक्षरे उमटली किंवा ओळ कॉपीच झाली नाही, तर ती स्मरणिका यंत्राला नीट वाचता येणार नाही असे समजावे. ओळ कॉपी होत नसेल तर पाने बहुधा स्कॅन केलेली आहेत आणि त्यांचे अक्षर-ओळख तंत्राने मजकुरात रूपांतर करावे लागेल. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे आणि रफार यांत ती चुकतात, म्हणून नंतर मुद्रितशोधन माणसानेच करावे.

सर्व स्मरणिका एकदम हाती घेण्याची आवश्यकता नाही. आधी मंडळाच्या परिचयाचे एक साधे पान करावे आणि नोंदणीपत्रावर १९५३ निघाल्यास त्यात ‘मंडळाची स्थापना १९२७ मध्ये झाली आणि सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी १९५३ मध्ये झाली’ असे दोन्ही सालांचे वाक्य ठेवावे. केवळ १९२७ लिहिल्यास दोन साले परस्परविरोधी दिसतात; दोन्ही लिहिली की विरोध मिटतो. त्यानंतर प्रत्येक स्मरणिकेचे वेगळे पान करून त्यावर वर्ष, संपादक आणि लेखांची अनुक्रमणिका मजकुरात द्यावी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या शहरात ग्रंथालयांची घडी बसवून घेतली, तेथील मंडळाला सूचीचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये.

चुकीचे साल ज्या संकेतस्थळावर असेल, तेथील चालकांनाही लिहावे. विकिपीडियावर मंडळाविषयी लेख असल्यास पदाधिकाऱ्यांनी स्वतः तो बदलणे तेथील संकेतांना धरून होत नाही. लेखाच्या चर्चापानावर पुराव्यासह विनंती करावी. एआयच्या उत्तराखाली अभिप्रायाचे बटण असते, तेही वापरावे, मात्र त्यावर फार भिस्त ठेवू नये.

प्रश्न : मी स्थानिक इतिहासावर लिहितो. माझे लेख एआय कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी वापरू नयेत असे वाटते, पण शोधातून मात्र नाहीसे व्हायचे नाही. दोन्ही साधेल का? (एक निवृत्त प्राध्यापक, बडोदे)

उत्तर : बऱ्याच अंशी साधेल. वेबसाइटच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल असते आणि तिच्यात कोणत्या क्रॉलरला प्रवेश आहे ते लिहिता येते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा ‘जीपीटीबॉट’ प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करतो, तर ‘ओएआय-सर्चबॉट’ शोधासाठी. पहिल्याला मनाई करून दुसऱ्याला मोकळे ठेवता येते. गूगलच्या ‘गूगल-एक्सटेंडेड’ या नावाला मनाई केल्यास तुमचा मजकूर जेमिनी या गूगलच्या एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरला जात नाही आणि शोधातील स्थानावर त्याचा परिणाम होत नाही. अडचण पुढे आहे. ‘एआय ओव्हरव्ह्यू’ हा गूगलच्या शोधाचाच भाग असल्यामुळे तो या मनाईने थांबत नाही. तेथे आपला मजकूर नको असल्यास ‘नोस्निपेट’ ही सूचना पानात घालावी लागते, आणि मग नेहमीच्या शोधातही लेखाचे केवळ शीर्षक दिसते, खालचा उतारा दिसत नाही. हा सौदा मला अन्यायाचा वाटतो, परंतु सध्या आहे तो असा आहे.

या फाइलची कल्पना १९९४ मध्ये संगणक अभियंता मार्टिन कोस्टर यांनी मांडली आणि २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले, तरी ती अजूनही दारावरची पाटीच आहे, कुलूप नाही. उलट बाजूही तपासावी, कारण काही होस्टिंग सेवा एआय क्रॉलरांना आपणहून अडवतात. वेबसाइटांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेने जुलै २०२५ पासून नव्या वेबसाइटांसाठी हेच मूळ धोरण ठेवले आहे, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो असेही घडते. आपल्या सेवेच्या सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल ठेवावी का?

उत्तर : वेबसाइटवरचा महत्त्वाचा मजकूर एआयला थोडक्यात दाखवणारी फाइल ठेवावी, अशी ही सप्टेंबर २०२४ मध्ये एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी मांडलेली सूचना आहे. गूगलने अशा फाइलची गरज नसल्याचे सांगितले आहे. ठेवल्याने नुकसान नाही. तिच्यासाठी वेगळे पैसे मात्र देऊ नयेत.

प्रश्न : वेबसाइट मराठीत ठेवावी, गुजरातीत की इंग्रजीत? आणि शहराचे नाव बडोदे लिहावे की वडोदरा?

उत्तर : आपले ग्राहक ज्या भाषेत प्रश्न विचारतात त्या भाषेत. तीन भाषा हव्या असल्यास प्रत्येकीचे पान वेगळ्या पत्त्यावर ठेवावे, कारण एकाच पानावर तिन्ही भाषांची खिचडी केल्यास ते पान नेमके कोणासाठी आहे हे वाचकालाही कळत नाही आणि यंत्रालाही नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेऊन न वाचताच शेकडो पाने टाकण्याचा मोह टाळावा. मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत अशा घाऊक मजकुराला स्पष्ट मनाई आहे.

शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा आहे. तरीही आपण ‘बडोद्यात’, ‘बडोद्याचा’ असेच बोलतो आणि मराठी माणूस प्रश्नही तसाच टाइप करतो. म्हणून वाहत्या मजकुरात बडोदे, पत्त्यात वडोदरा आणि इंग्रजी पानावर दोन्ही, असे ठेवावे. प्रत्येक वाक्यात नावाची सगळी रूपे कोंबू नयेत. अशी एक वेबसाइट गेल्या आठवड्यात पाहिली. तिच्या पहिल्या परिच्छेदात शहराचे नाव अकरा वेळा होते आणि दुकान कोणत्या पोळात (गल्लीत) आहे ते कोठेच नव्हते.