कॉलेजशी वाद घालण्याआधी कागद तयार ठेव

तुला दिसत नाही म्हणून परीक्षेत नि अभ्यासात ज्या सोयी हव्यात, त्यावर प्रिन्सिपल सर महिनाभर नुसतं 'बघू' म्हणतायत ना, मग बाळा आता तोंडी बोलणं बंद. आजच अर्ज लिही, एक प्रत दे आणि दुसरीवर तारखेसकट आवकचा शिक्का घे, बाबू नाही म्हणाला तर तोच अर्ज ईमेल कर नि स्पीड पोस्टानंही पाठव, पुढे वाद वाढला की सगळं त्या शिक्क्यावरच येतं.

अर्जात 'सहकार्य करावे' असलं मोघम नको. लेखनिक (तू सांगशील ते पेपरात लिहिणारा) हवा, तासाला २० मिनिटं जास्त म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, आणि नोट्स टाइप केलेल्या हव्यात असं नेमकं लिही. फोटो काढून बनवलेली पीडीएफ उघडली की स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर गप्प बसतो, हे सरांना लॅपटॉपवर ऐकवच. खाली २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची कलमं १६ आणि १७ टाक. कॉलेज प्रायव्हेट असलं तरी सरकारी मान्यता आहे ना, मग लागू.

उत्तर नाही आलं तर भोपाळला मध्य प्रदेशच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार. परीक्षा तोंडावर असेल तर सरळ हायकोर्टाचं इंदूर खंडपीठ, विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना वकील फुकट मिळतो. लेखनिकाच्या हक्काबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी निकाल जोड. आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच मध्य प्रदेशातला, अंधांना न्यायाधीश होऊ न देणारा नियम रद्द केला, तो निकालही वाच, मला तर वाचताना भरून आलं होतं.

मसुदा झाला की पाठव, मी बघते.