नर्सिंग कॉलेजं वाढवली तर खेड्यातली टंचाई संपेल का?

तुम्ही विचारलंय की नर्सिंगच्या जागा दुप्पट केल्या तर खेड्यात माणसं मिळतील का. मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स, म्हणून सरकारी आरोग्य उपकेंद्रात लागले आणि अशा नर्सवर देखरेख करणारी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. माझं मत विचाराल तर, नुसत्या जागा वाढवून नाही मिळणार. मुलगी कुठली घेतली आणि तिला शिकवलं कुठे, सगळं त्यावर आहे.

शेवटच्या वर्षांत माझ्या हाताखाली दोन नव्या मुली आल्या. एकीच्या प्रात्यक्षिक वहीत बाळंतपणांची पानंच्या पानं भरलेली. पण रात्री पहिली बाई कळा देत आली, तेव्हा ही माझ्याच तोंडाकडे बघत उभी. दोन वर्षं फी भरली होती, वही भरून घेतली होती, हाताने एकही बाळंतपण केलेलं नव्हतं. पोरीचा काय दोष? आठ महिन्यांत तिने शहरातलं हॉस्पिटल गाठलं. दुसरी त्याच तालुक्यातली, आई गावची आशा कार्यकर्ती. मार्क बेताचे, पण कुठल्या वस्तीवर कोणाची सून सातव्या महिन्यात आहे, हे रजिस्टर न उघडता सांगायची. ती अजून तिथेच आहे.

हे काही मी नवीन सांगत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या बायकाच निवडल्या. कित्येकींना अक्षर ओळख नव्हती. एकदाच कोर्स उरकून त्यांना सोडून दिलं नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला यायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या आणि त्यातूनच पुढचं शिकायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले: त्या गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ज्या फेऱ्या मारतात, त्यांचं मूळ तिथलं.

आशांच्या प्रशिक्षणात मीही शिकवायला असायचे. बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ६० किंवा जास्त भरले तर थेट दवाखान्यात पाठवायचं. फळ्यावर सगळ्यांना यायचं. खऱ्या बाळाच्या पोटावरचा कपडा बाजूला केला की निम्म्या जणी तिसाव्या सेकंदाला चुकायच्या. म्हणून मी वर्ग सोडून त्यांना वॉर्डात नेऊ लागले. (जेवणाची सुट्टी बुडाली म्हणून बोलणीही खाल्ली.)

नियमाने सपाट भागात ५,००० आणि आदिवासी, डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र. आता तिथे सहा महिन्यांचा कोर्स केलेले समुदाय आरोग्य अधिकारीही असतात, त्यात आपल्याकडे बीएएमएस (आयुर्वेदाचे डॉक्टर) झालेले बरेच. चांगलंच आहे. पण राहायला धड खोली नसेल, पाणी नसेल, करार दरवर्षी लटकत असेल, तर शिकवलेलं माणूस निघून जातं आणि पुन्हा नव्याला पहिल्यापासून शिकवा. हा खर्च कोणी मोजत नाही.

तुमच्या घरातली कोणी या कोर्सला जाणार असेल तर इमारत बघून भुलू नका. कॉलेजात एवढंच विचारा: प्रात्यक्षिकाला कुठल्या दवाखान्यात पाठवता आणि तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात?