वाचकांचे प्रश्न : जुन्या बसचे इंजिन बदलताना

प्रश्न : माझ्या जुन्या बसचे इंजिन मागच्या बाजूला आहे. डेट्रॉइट डिझेलच्या ७१ मालिकेतील हे आठ सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन असून त्याला जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडलेला आहे. इंजिन ऑइल खाते, धूर काढते आणि चढावर ओढत नाही. त्याऐवजी सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे, फोर-स्ट्रोक टर्बो इंजिन बसवण्याचा विचार आहे. तेवढ्याच अश्वशक्तीचे इंजिन घेतले तर चालेल का?

उत्तर : अश्वशक्ती जुळली म्हणून इंजिन जुळले असे होत नाही, पण त्याआधी जुने इंजिन खरोखरच संपले आहे का, हे पाहा. तुमच्या इंजिनाच्या बाजूला एअरबॉक्सची, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या हवेच्या पोकळीची, झाकणे असतात. ती उघडून क्रँक हाताने फिरवला की लायनरमधील (सिलिंडरच्या आतल्या नळीतील) खिडक्यांतून पिस्टन आणि रिंगा दिसतात, त्यामुळे अडकलेली किंवा तुटलेली रिंग, लायनरवरचे ओरखडे हे सारे हेड न उतरवता कळते. या इंजिनाला एकाच ग्रेडचे, कमी राखेचे ४० नंबरचे ऑइल लागते. मल्टिग्रेड ऑइलवर चालवलेले इंजिन ऑइल खाऊ लागले तर त्यात नवल नाही. ही मालिका १९३८ पासूनची, प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणजे सुमारे १.१६ लिटरचा, आणि लायनर बदलता येण्याजोगे. दोन-तीनच सिलिंडर बिघडले असतील तर मी इंजिन बदलण्याच्या फंदात पडणार नाही.

बदलायचेच ठरले, तर इंजिन पाहायला जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा. मागच्या चाकाचा एका फेऱ्यातील प्रवास ३.२ मीटर आणि डिफरन्शियलचे प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे फेरे) ४.११ धरले, तर ताशी ९० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला साधारण ४६९ फेरे घेते आणि थेट टॉप गिअरमध्ये इंजिनाला सुमारे १९३० फेरे घ्यावे लागतात. २१०० फेऱ्यांपर्यंत मोकळेपणी धावणाऱ्या टू-स्ट्रोकला हा वेग मानवतो, पण मोठ्या फोर-स्ट्रोक टर्बो इंजिनाची खरी ओढ आणि डिझेलची बचत १३०० ते १६०० फेऱ्यांच्या टप्प्यात असते. म्हणजे एक तर डिफरन्शियलचे प्रमाण ३.२ च्या आसपास आणावे लागेल किंवा ०.७८ च्या जवळपासचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जास्त फेरे देणारा गिअर, असलेला गिअरबॉक्स घ्यावा लागेल. हे न करता नुसते इंजिन बदलले, तर नवे इंजिन दिवसभर ओरडत राहील आणि डिझेलही वाचणार नाही.

दुसरा हिशेब टॉर्कचा, म्हणजे शाफ्टला पडणाऱ्या पिळाचा. २२० किलोवॅट शक्ती २१०० फेऱ्यांना मिळत असेल, तर त्या वेळचा टॉर्क सुमारे १००० न्यूटन-मीटर असतो. तीच शक्ती १६०० फेऱ्यांना मिळाली, तर तो १३०० च्या वर जातो. गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट आणि अॅक्सल यांची मर्यादा टॉर्कमध्ये सांगितलेली असते, म्हणून कागदावर तेवढ्याच शक्तीचे इंजिन जुना गिअरबॉक्स खाऊन टाकू शकते. शिवाय जुन्या ऑटोमॅटिकचा गव्हर्नर, म्हणजे वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग, टू-स्ट्रोकच्या फेऱ्यांनुसार लावलेला असतो. तो बदलला नाही, तर गिअर फार उशिरा पडतात किंवा वरचा गिअर पडतच नाही.

फिरण्याची दिशा हा मुद्दा पुष्कळदा इंजिन उतरवल्यावरच लक्षात येतो. ७१ मालिकेतील इंजिने दोन्ही दिशांना फिरणारी बनवली जात आणि इंजिन आडवे बसवलेल्या काही बसमध्ये उलट फिरणारे इंजिन वापरलेले असते. बाजारातील बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिने फ्लायव्हीलच्या (गिअरबॉक्सकडील जड चाकाच्या) बाजूने पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तुमचे इंजिन कोणत्या दिशेने फिरते ते चालू असतानाच पाहून लिहून ठेवा. फ्लायव्हील हाउसिंगचे, म्हणजे त्यावरच्या कवचाचे, मापही तपासा : एक, दोन, तीन असे प्रमाणित आकार असतात आणि आकडा जितका लहान तितके हाउसिंग मोठे. अॅडॅप्टर बनवून घेतला, तर हाउसिंगचे केंद्र क्रँकच्या केंद्राशी जुळते की नाही हे डायल गेजने मोजल्याशिवाय बोल्ट आवळू नका. थोडाही फरक राहिला, तर आधी सील आणि मग बेअरिंग जाते.

आता यांत्रिक पंपाचे इंजिन घ्यावे की इलेक्ट्रॉनिक? यांत्रिक पंपाला अॅक्सिलरेटरची केबल आणि डिझेल बंद करणारा सोलेनॉइड एवढे पुरते, आणि ज्याला रस्त्यात स्वतः दुरुस्ती करायची आहे त्याच्यासाठी माझी पसंती त्यालाच आहे. इलेक्ट्रॉनिक इंजिन डिझेल कमी पिते आणि धूरही कमी काढते, परंतु ते घेताना संपूर्ण वायरिंग, कंट्रोल युनिट, पेडल आणि सर्व सेन्सर एकाच गाडीतून आलेले असले पाहिजेत. शक्य असल्यास ती गाडी उभी असतानाच इंजिन चालू करून पाहा. वायरी कापून विकलेल्या इंजिनापायी वेळही जातो आणि मनःस्तापही होतो. बसची विद्युत प्रणाली १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हेही आधी जुळवा.

बाकीच्या गोष्टी लहान असल्या तरी टाळता येत नाहीत. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप नव्या इंजिनावर बसतो का, हे पाहा. सरळ रांगेतील इंजिन लांब आणि उंच असते, त्यामुळे मागच्या अॅक्सलपासून बंपरपर्यंतचे अंतर आणि वरच्या फ्लोअरची उंची मोजा. नोंदणीच्या कागदांत इंजिन क्रमांक बदलावा लागतो. त्याची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या.

प्रश्न : मी असाच बदल केला आहे. रेडिएटर नवा आहे, तरीही चढावर तापमान वाढते. इंजिनातच दोष असेल का?

उत्तर : इंजिनाला दोष देण्यापूर्वी पंख्याचे फेरे मोजा. मागच्या इंजिनाच्या बसमध्ये रेडिएटर बहुधा बाजूला असतो आणि समोरून वाऱ्याचा झोत येत नाही. सारी भिस्त पंख्यावर असते. आधी २००० फेऱ्यांनी फिरणारे इंजिन आता १५०० ने फिरत असेल आणि पुली जुनीच असेल, तर पंखाही तेवढाच मंदावतो आणि हवा पाऊणपटच मिळते. पुली बदलून वेग पूर्ववत करा. मात्र पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एक तृतीयांशाने वेग वाढवला की ती सुमारे २.४ पट होते, हे लक्षात ठेवून त्याचा पट्टाही तेवढा मजबूत घ्या. टर्बोचा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) रेडिएटरच्या पुढे लावला असेल, तर रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. कडेच्या फटींतून इंजिनाची गरम हवा परत आत येत असेल, तर तेथे रबरी पट्ट्या लावा.

यानंतरही तापत असेल, तर चढावर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचे तापमान मोजा. दोन्हींत फरक फार मोठा असेल, तर पाणी पुरेसे फिरत नाही : थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, दबलेला होज किंवा आत अडकलेली हवा तपासा. फरक थोडाच असेल आणि दोन्ही होज सारखेच तापत असतील, तर पाणी फिरते आहे पण हवा कमी पडते. अशा वेळी पंखा उलटा तर बसवलेला नाही ना, हे पात्यांचा कल पाहून आधी खात्री करा.