इंदूरच्या मराठी मंडळात फादर दिब्रिटोंची स्मरणसभा कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: २५ जुलैला वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुण्यतिथीला मंडळात छोटी स्मरणसभा घ्यायची आहे. सभासदांत ख्रिस्ती कुणीच नाही. मग हार घालावा का, दिवा लावावा की मेणबत्ती, आणि ‘धर्माचा भाग’ कितपत ठेवावा?

इथे इंदूरच्या राजेंद्र नगरात आम्ही काही घरांनी मिळून अशी सभा घेतली होती, त्यातलं जे उपयोगी पडेल ते सांगतो.

आधी निमंत्रण. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मजकुरात मी ‘कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो’ लिहून मोकळा झालो होतो. कै. म्हणजे कैलासवासी, हे आपण विसरूनच गेलोय. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. मराठी ख्रिस्ती घरांत ‘ख्रिस्तवासी’ म्हणतात, ते लिहा किंवा सरळ ‘दिवंगत’ लिहा.

हाराचं म्हणाल तर खुशाल घाला. आमच्याकडे झालं असं की, एका काकूंनी सवयीने तबकातलं कुंकू बोटावर घेतलं, हात फोटोच्या काचेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. चर्चमधून आम्ही एका मावशींना आवर्जून बोलावलं होतं, त्यांच्याकडे वळून काकूंनी विचारलं, “चालेल ना हो?” मावशी म्हणाल्या, “फुलं वाहा ना ताई, आम्हीही फुलंच वाहतो.” काकूंनी बोट पदराला पुसलं आणि मोगऱ्याची ओंजळ फोटोपुढे ठेवली. समई आणि मेणबत्ती आम्ही दोन्ही लावल्या, कुणालाही वावगं वाटलं नाही.

खरी काळजी घ्यायची ती भाषणांत. आमचे पहिलेच वक्ते म्हणाले, “ख्रिस्ती असूनही काय सुंदर मराठी लिहायचे!” हेतू चांगलाच होता, पण मला ते फार लागलं. पुण्याचे नातेवाईक आपल्याला काय म्हणतात? “इंदूरचे असूनही किती शुद्ध मराठी बोलता!” पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला हे कौतुक कसं टोचतं, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत मराठी बाहेरून आलेली नाही, तिथल्या शेतकऱ्यांच्या सामवेदीसारख्या बोली आहेत. गोव्यातले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध केली, ती १६१६ साली छापली गेली. ‘असूनही’ हा शब्द वक्त्यांना आधीच गाळायला सांगा.

दिब्रिटोंच्या कामाबद्दल बोलायला पुष्कळ आहे. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतलं मासिक, पण त्यांनी ते सामाजिक प्रश्नांना आणि सगळ्या धर्मांच्या लेखकांना मोकळं केलं. बायबल आजच्या मराठीत आणायला त्यांनी कित्येक वर्षं दिली, त्यातून ‘सुबोध बायबल’ उभं राहिलं. ज्ञानोबा-तुकोबा त्यांच्या बोलण्यात सहज यायचे, कारण ते त्यांच्या वाचनात मुरलेले होते.

पण आमच्या सभेत सगळे कान देऊन बसले ते हरित वसईच्या गोष्टीला. केळीच्या बागांचा, फुलशेतीचा तो पट्टा बिल्डरांच्या घशात जाऊ लागला, विहिरींचं गोडं पाणी टँकर भरभरून उपसलं जाऊ लागलं, तेव्हा हे फादर देवळात बसून राहिले नाहीत. हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना घेऊन ते रस्त्यावर उतरले. उन्हाळ्यात बोअरिंग आटलं की टँकरची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं साहित्य संमेलन झालं. त्याचे ते अध्यक्ष होते, त्या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड जाहीर झाल्यावर विरोध झाला, आयोजकांना धमकीचे फोनही गेले. प्रकृती साथ देत नसताना ते गेले आणि गोरोबाकाकांचं नाव दिलेल्या साहित्यनगरीत बोलले. हे सभेत जरूर सांगा, कटू म्हणून गाळू नका.

आता ‘धर्माचा भाग’. तुमच्याकडेही कुणी सुचवेल, लेखक म्हणून बोलू या, पाद्रीपण राहू द्या. माझं मत स्पष्ट आहे, असं करू नये. ज्या माणसाला आपण उभ्या महाराष्ट्रासह ‘फादर’ म्हणत आलो, त्याचं धर्मगुरूपण गेल्यावर झाकून ठेवायचं, हा कसला सन्मान? शेतकऱ्यांसाठी रस्त्यावर येणं आणि बायबलसाठी वर्षं खर्च करणं त्यांच्या श्रद्धेतूनच आलं होतं. आम्ही त्यांच्याच अनुवादातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं, मग तुकोबांचा एक अभंग, शेवटी पसायदान. वाचनाला आवाज चांगला असलेली व्यक्ती आधी ठरवा आणि एकदा सराव करून घ्या.

इंदूरच्या कॅथलिक रेड चर्चमध्ये जाऊन तिथल्या फादरांना निमंत्रण द्या, फोनवर उरकू नका. दिवंगतांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अर्पण करण्याची विनंतीही करता येते.

आमच्या त्या मावशींनी सभेत सिस्टर राणी मारिया या कॅथलिक जोगिणीची आठवण काढली. उदयनगरकडच्या आदिवासींना सावकारांच्या पाशातून सोडवण्यासाठी त्या झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने इथल्या तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. खोलीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं. तुमच्या सभेत पाच मिनिटं यालाही ठेवा.

वाचनासाठी ‘सुबोध बायबल’ लागेल. माझी प्रत त्या सभेपासून काकूंकडेच आहे, दुपारी भिंग घेऊन थोडं थोडं वाचतात. तुम्हाला हवी असेल तर कळवा, त्यांना विचारून दोन दिवसांसाठी आणून देतो.