लहान मच्छीमार बोटीसाठी टिकाऊ बर्फपेटी कोणती घ्यावी?

तुमची 22 फुटी फायबर बोट, आऊटबोर्ड इंजिन, पहाटे जाऊन दुपारी परत आणि मग हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावापर्यंत मासळी टिकवायची. चांगल्या दिवशी 50-60 किलो. आणि ‘पाच दिवस बर्फ टिकतो’ असं छापलेली महागडी पेटी घ्यावी का, असा प्रश्न. मी फायबर बोटींची दुरुस्ती करतो, त्यामुळे माझ्याकडे पेट्या येतात त्या मोडूनच. त्या कुठे मोडतात, तिथून सांगतो.

आधी ते पाच दिवस सोडून द्या. तो आकडा बंद, बर्फाने भरलेल्या, सावलीत ठेवलेल्या पेटीचा असतो. तुमच्या पेटीत 29-30 अंशांची ताजी मासळी पडते आणि झाकण सारखं उघडतं. बर्फ खरा संपतो तो मासळी गार करण्यात. हिशोब सोपा आहे. एक किलो मासळी एक अंशाने गार करायला साधारण 0.8 किलोकॅलरी काढावी लागते आणि एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी ओढून घेतो. म्हणजे 60 किलो मासळी 30 वरून शून्यावर आणायला 18 किलो बर्फ नुसता त्यातच गेला. वरून ऊन, झाकण, बंदरापर्यंत येताना वितळलेला. म्हणून आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ धरतात, किलोला किलो. बर्फासकट एका किलो मासळीला ढोबळ तीन लिटर जागा धरा. तुमची पेटी 180-200 लिटरची झाली. त्याहून मोठी घेऊ नका. भरल्यावर हीच दीडशे किलोंच्या घरात जाते आणि 22 फुटी बोटीत ती नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला ठेवली तर बोट पाण्यात नाक खुपसते. मध्यावर, किंचित मागे, खाली लाकडी पट्ट्या टाकून आणि दोन्ही बाजूंना पट्ट्याने आवळून ठेवा.

आता साहित्य. नुसती पांढरी थर्माकोलची पेटी किनाऱ्यावर मासळी विकायला ठीक, बोटीवर तिचा एक हंगामही निघत नाही. तुमच्यासमोर खरे पर्याय दोनच: बोटवाल्याकडून बनवून घेतलेली फायबरची पेटी, नाहीतर दुहेरी भिंतीची, आत पफ म्हणजे गार धरणारा फोम भरलेली रोटो-मोल्डेड (साचा फिरवून अखंड घडवलेली) प्लॅस्टिकची.

फायबरची पेटी हव्या त्या मापाची होते, तडकली तर काचतंतूंची मॅट आणि रेझिन मारून कुठल्याही बंदरात दुरुस्त होते. पण ती जड असते आणि आपटली की आतला जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, केसासारखा चिरतो. त्या चिरेतून पाणी फोममध्ये शिरतं. फोम ओला झाला की पेटी जड होत जाते, वास धरते आणि बर्फ धरत नाही. प्लॅस्टिकची पेटी मार सोसते, हलकी असते, पण फाटली तर तिच्यावर रेझिन मारून उपयोग नाही, कारण त्या प्लॅस्टिकला, पॉलीएथिलिनला, रेझिन धरतच नाही. चार दिवसांत पापुद्रा सुटतो. तिला गरम हवेच्या गनने त्याच प्लॅस्टिकची सळी वितळवून जोड द्यावा लागतो. तुमच्या आसपास हे काम करणारा माणूस असेल तर प्लॅस्टिकची घ्या. नसेल तर फायबरची. माझं मत विचाराल तर एवढ्या लहान बोटीला मी प्लॅस्टिकचीच सुचवीन, कारण वजन वाचतं.

अमेरिकेत काही पेट्यांना अस्वलरोधक म्हणून प्रमाणपत्र मिळतं. हर्णैला अस्वल नाही, पण लिलावाच्या गर्दीत झाकणावर बसणारे चार जण हमखास असतात. दुकानात स्वतः झाकणावर बसून बघा. मग झाकण टकटक वाजवा. पोकळ आवाज आला तर आत फोम नाही. भिंत दोन इंच भरीव आणि झाकण रिकामं, हा प्रकार स्वस्त पेट्यांत सर्रास दिसतो, आणि ऊन तर वरूनच लागतं.

पेट्या सगळ्यात जास्त मरतात त्या बिजागरीला आणि तळाचं पाणी काढायच्या बुचापाशी. दुकानदार ‘स्टेनलेस स्टील आहे’ म्हणून चुंबक चिकटत नाही हे लावून दाखवेल. त्यावर जाऊ नका. स्वस्त 202 प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा धरत नाही, आणि खाऱ्या पाण्यात ते गंजतं. 316 मिळालं तर उत्तम, पण लहान पेटीला मी बिजागरी काढूनच टाकायला सांगतो. झाकण सुटं ठेवा, मागे नायलॉनच्या दोरीने अडकवा आणि पुढून ट्यूबचं रबर ताणून बांधा. तुटलं तर समुद्रातच दोन मिनिटांत बदलता येतं.

बुचाची नळी आतल्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सलग आहे का, ते हाताचं बोट घालून तपासा. मध्येच जोड असेल तर पाणी तिथूनच फोममध्ये जाणार. बुच मात्र हवंच. वितळलेलं पाणी रक्त घेऊन खाली साचतं, त्यात तळाची मासळी भिजत राहिली तर तिचा भाव जातो.

एक काम पेटी घेतल्या दिवशीच करा: काट्यावर रिकामी पेटी तोला आणि वजन झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. हंगामाच्या शेवटी धुऊन, वाळवून परत तोला. वजन वाढलं असेल तर फोमने पाणी प्यायलंय, डोळ्यांना चीर दिसो वा न दिसो.

आणि एक कळकळीची विनंती. बर्फाची अख्खी लादी पेटीत टाकून पहारीने फोडू नका. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पेट्यांच्या तळाला पहारीचेच घाव असतात. बर्फ धक्क्यावरच मशीनमधून चुरा करून घ्या. चुरा मासळीला सगळीकडून लागतो, म्हणून गारही लवकर करतो. तळाला बर्फ, मग मासळी, मग बर्फ असे थर लावा. बांगडा आणि कुपा तर जाळ्यातून निघाल्या निघाल्या बर्फात गेले पाहिजेत. तापले की त्यांत हिस्टामाइन नावाचं, खाणाऱ्याला बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही.

रंग पांढराच घ्या. वर ओलं गोणपाट टाका. 1 जून ते 31 जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत पेटी बुच काढून, झाकण फटीएवढं उघडं ठेवून छपराखाली ठेवा, उंदीर रबर खातात तेवढं बघा.

पिण्याचं पाणी आणि डबा त्या पेटीत ठेवू नका. त्यासाठी स्वस्तातला छोटा कूलर वेगळा घ्या, नाहीतर दर तहानेला मासळीचं झाकण उघडेल.