वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरताना त्याच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये गेम छोट्या चौकटीतच दिसतो. रिझोल्यूशन कमी ठेवून तो स्क्रीनभर कसा करायचा?

व्हर्च्युअल डेस्कटॉपकडून ही अपेक्षाच ठेवू नका. लिनक्सवर वाइनच्या ग्राफिक्स टॅबमध्ये त्यावर टिक करून ८००×६०० आकार दिला, की गेमला तेवढाच मॉनिटर आहे असं वाटतं. ते एक कुंपण आहे. जुना गेम रिझोल्यूशन बदलायला गेला तरी खऱ्या स्क्रीनला धक्का लागत नाही, मध्येच बंद पडला तर डेस्कटॉप ६४०×४८० वर अडकून राहत नाही. चौकट ताणून स्क्रीनभर करणं हे वेगळं काम. त्याच टॅबमधला ९६ डीपीआयचा स्लायडरही त्यासाठी नाही. त्याने फक्त अक्षरं नि बटणं मोठी होतात.

ताणायला गेमस्कोप वापरा, म्हणजे गेमचं चित्र आपल्या चौकटीत घेऊन हव्या आकारात दाखवणारा लिनक्सवरचा प्रोग्राम. त्याच्या कमांडमध्ये छोटे डब्ल्यू आणि एच म्हणजे गेमला दाखवायचा आकार, कॅपिटल डब्ल्यू आणि एच म्हणजे तुमच्या स्क्रीनचा. आत १२८०×७२०, बाहेर १९२०×१०८० ठेवलं तर ग्राफिक्स कार्डाला पूर्ण एचडीच्या ४४ टक्केच पिक्सेल काढावे लागतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा लॅपटॉपसाठी हा फरक फार मोठा. सोबत फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून टाका. नाहीतर हलका गेमही कार्डाला उगाच पळवतो आणि वाचवलेली उष्णता परत येते.

आता चित्राचं. नवीन थ्रीडी गेमला एफएसआर बरा, म्हणजे छोटं चित्र मोठं करताना कडा तीक्ष्ण ठेवणारी पद्धत. त्याची धार ० ते २० मध्ये ठरते, पण उलटी: ० म्हणजे सगळ्यात तीक्ष्ण. जुन्या पिक्सेलवाल्या गेमला एफएसआर लावू नका, चेहरे मेणाचे दिसतात. तिथे इंटिजर स्केलिंग घ्या, म्हणजे चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करणं. ६४०×४८० दुप्पट होऊन १२८०×९६० होतं, चारही बाजूंना काळी पट्टी राहते, पण प्रत्येक ठिपका चौकोनी. ८००×६०० चं मात्र १०८० उंचीत दुप्पट बसत नाही, म्हणून तिथे थोडी धूसरता चालवून घ्यावी लागते.

गेमच्याच सेटिंगमध्ये रेंडर स्केल (गेममधलं दृश्य किती पिक्सेलमध्ये काढायचं ते) असेल तर हे सगळं सोडा, तेच कमी करा. गेमस्कोप तयार चित्र ताणतो, त्यामुळे मेनूची अक्षरंही फुगतात; रेंडर स्केलमध्ये बहुतेक वेळा ती स्वच्छ राहतात.

गेमस्कोप लावलात की वाइनचा व्हर्च्युअल डेस्कटॉप बंद करा. ठेवायचाच असेल तर दोन्हीकडे आकार एकच द्या, नाहीतर चौकटीत चौकट दिसेल. आणि स्ट्रॅटेजी गेममध्ये माउस कडेबाहेर निसटून नकाशा सरकत नसेल, तर गेमस्कोपमध्ये कर्सर आत धरून ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. व्हल्कन (गेमस्कोपला लागणारी ग्राफिक्सची प्रणाली) नसलेल्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर यातलं गेमस्कोप चालणार नाही; तिथे खेळण्याआधी मॉनिटरचंच रिझोल्यूशन हाताने उतरवा.